पिल्सनर किती कडू असावी?

जगात आज सर्वांत जास्त प्यायली जाणारी बिअर म्हणजे फिकट सोनेरी, आरपार दिसणारी, थंडगार लागर. तिच्या वंशावळीचा माग काढत गेलं की आपण बोहेमियातल्या एका शहरात आणि १८४२ या सालात येऊन थांबतो. पण इतक्या पिढ्यांनंतर त्या मूळ पिल्सनरशी बहुतेक वंशजांचं नातं रंगापुरतं उरलं आहे. हॉप्सचा कडूपणा हा या बिअरचा कणा होता. तो काही ठिकाणी टिकला, बऱ्याच ठिकाणी विरळ होत गेला, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही ठिकाणी मुद्दाम वाढवला गेला. त्यामुळे ‘तुमची आवडती पिल्सनर कोणती?’ हा प्रश्न वाटतो तितका साधा राहत नाही. युरक्वेलचं नाव घेणारा, येवरचं नाव घेणारा आणि टिपोपिल्सचं नाव घेणारा, ही तिघं एकाच प्रकारच्या बिअरकडून तीन वेगळ्या गोष्टींची अपेक्षा करत असतात. या अपेक्षा कुठून आल्या आणि त्यांच्यातला वाद आज कुठवर आला आहे, हे इथे क्रमाने पाहायचं आहे.

हॉप्सचं काम

हॉप्स म्हणजे एका बहुवर्षायू वेलीची मादी फुलं, दिसायला हिरव्या छोट्या शंकूंसारखी. पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. तिच्यात अल्फा आम्लं असतात आणि सुगंधी तेलंही असतात. माल्टचा गोड काढा हॉप्स घालून तास-दीड तास उकळला की अल्फा आम्लांची रचना बदलते, ती काढ्यात विरघळतात आणि बिअर कडू होते. तेलांचं उलट आहे: जास्त उकळलं की ती उडून जातात. म्हणून कडूपणासाठी हॉप्स लवकर घालायचे आणि सुगंधासाठी अगदी शेवटी, किंवा बिअर आंबल्यानंतर थेट टाकीत. या टाकीतल्या पद्धतीला ड्राय हॉपिंग म्हणतात.

हा फरक सुरुवातीलाच नोंदवायचं कारण असं की ‘पिल्सनर हॉपी असावी का?’ या वादात एकजण कडूपणाविषयी बोलत असतो आणि दुसरा सुगंधाविषयी. दोघांचंही बरोबर असू शकतं आणि तरी त्यांचं एकमत होत नाही. कारण चर्चा एका गोष्टीची चाललेलीच नसते.

कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. एक लिटर बिअरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम कडू आम्ल म्हणजे एक आयबीयू. अंदाज यावा म्हणून काही आकडे: अमेरिकेतली मोठ्या कारखान्यांची हलकी लागर ८ ते १२, म्युनिकची हेलेस ही सौम्य, फिकट लागर १६ ते २२, आणि प्लझेनची मूळ पिल्सनर ४० च्या आसपास.

प्लझेनमधला बदल

प्लझेन हे शहर १२९५ साली वसवलं गेलं आणि तिथल्या नागरिकांना बिअर बनवण्याचा हक्क तेव्हापासूनचा. पण हक्क आणि दर्जा या वेगळ्या गोष्टी आहेत. १८३८ साली नासलेल्या बिअरची ३६ पिंपं टाऊन हॉलसमोर ओतून देण्यात आली, असं तिथे सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी बिअरचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून एक सामायिक ब्रुअरी उभारायचं ठरवलं. कामासाठी बव्हेरियातल्या फिल्सहोफेन गावचा योझेफ ग्रोल हा तरुण ब्रूमास्टर आणला. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा काढला आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, ती बिअर लोकांसमोर आली. ग्रोल फार काळ राहिला नाही; १८४५ मध्ये तो परत गेला.

त्याच्या बिअरमध्ये एकही घटक स्वतंत्रपणे अभूतपूर्व नव्हता. थंडीत सावकाश आंबवणारं यीस्ट बव्हेरियात होतं. माल्टला थेट धूर न लागू देता वाळवण्याची पद्धत इंग्लंडमधून आली होती आणि तिच्यामुळे माल्ट फिकट राहत असे. मोराव्हिया-बोहेमियाचा सातू जवळ होता. झाटेत्स परिसरातले साझ हॉप्स शतकानुशतकं पिकत होते. या सगळ्यांना जोडून घेणारी गोष्ट म्हणजे प्लझेनचं पाणी. त्यात क्षार अतिशय कमी आहेत. कार्बोनेट जास्त असलेल्या जड पाण्यात भरपूर हॉप्स घातले तर फिकट बिअरचा कडूपणा खरखरीत, घशाला ओरखडणारा होतो. प्लझेनच्या मऊ पाण्याने ग्रोलला हॉप्सचं प्रमाण सढळ ठेवण्याची मुभा दिली. तेव्हा या बिअरमध्ये हॉप्स भरपूर का, याचं पहिलं उत्तर कुणाच्या आवडीनिवडीत नाही, ते जमिनीखालच्या पाण्यात आहे.

साझ हॉप्सचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. त्यांच्यात अल्फा आम्लं जेमतेम तीन-चार टक्के असतात. आजच्या काही कडू जातींत हे प्रमाण त्याच्या चौपट-पाचपट असतं. म्हणजे साझ वापरून ४० आयबीयू गाठायचे तर फुलं खूप लागतात, आणि त्या फुलांबरोबर काढ्यात इतर बरंच काही उतरतं: गवताळ, किंचित मिरमिरीत, फुलांसारखा वास आणि जिभेवर हलकी पकड. तोच आकडा दुसऱ्या जातीच्या मूठभर हॉप्सनी गाठता येतो, पण बिअर तीच होत नाही.

रेल्वे आली, पारदर्शक काचेचे पेले स्वस्त झाले, कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्रांमुळे १८७० च्या दशकानंतर वर्षभर लागर करता येऊ लागली, आणि १८८३ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन याने शुद्ध यीस्ट वेगळं काढलं. पिल्सनर युरोपभर पसरली. त्याबरोबर नावाचा तंटाही आला. प्लझेनच्या ब्रुअरीने दाद मागितली, पण जर्मन न्यायालयांनी ‘पिल्सनर’ हे आता एका प्रकाराचं नाव झालं आहे, असा कौल दिला. प्लझेनवाल्यांनी १८९८ मध्ये ‘पिल्सनर युरक्वेल’, म्हणजे मूळ झऱ्याची पिल्सनर, हे व्यापारचिन्ह नोंदवलं. झेक देशात मात्र आजही पिल्सनर हे नाव फक्त प्लझेनच्या बिअरला लावतात. इतर ब्रुअरींची तशीच बिअर ‘फिकट लागर’ म्हणून विकली जाते. नाव मोकळं झालं आणि त्यासोबत कडूपणाचं माप ठरवण्याचा अधिकारही कुणा एकाकडे राहिला नाही.

बोहेमियाची भूमिका

झेक भूमिका थोडक्यात मांडायची तर अशी: कडूपणा भरपूर हवा, पण त्याला माल्टचं अंग हवं. युरक्वेलमध्ये मद्यार्क केवळ ४.४ टक्के आहे, कारण सगळी साखर यीस्टला खाऊ दिली जात नाही. काही मागे उरते. माल्टच्या घाण्यातला काही भाग वेगळा काढून उकळायचा आणि परत मिसळायचा, ही क्रिया तीनदा केली जाते. त्यातून पावाच्या कवचासारखी, खरपूस कॅरॅमलकडे झुकणारी चव येते. ४० आयबीयू या भरीव अंगावर बसतात म्हणून बोचत नाहीत. कारल्याच्या भाजीत गूळ घालणाऱ्या घरांना हे लगेच समजेल: गुळाने कारलं गोड होत नाही, त्याचं कारलेपण खाता येण्याजोगं होतं.

बिअर ओतण्याची पद्धतही याच हिशेबात येते. झेक पबमध्ये नळाची खास तोटी वापरून पेल्यात आधी दाट, ओला फेस घेतात आणि बिअर त्याच्याखाली भरतात. हॉप्समधले कडू घटक फेसात जास्त साठतात, त्यामुळे फेस हा बिअरहून कडू असतो. तो दाट असला की प्रत्येक घोट आधी कडू, मग गोडसर, मग पुन्हा कडू असा उलगडतो. बाटलीतून घाईने ओतलेली युरक्वेल पिऊन तिच्याविषयी मत बनवणं म्हणूनच तिच्यावर अन्याय करणारं आहे.

पण झेक बाजू एकसंध आहे असं समजू नये. चेस्के बुडेयोविट्सेची बुडवार तितकीच प्रिय आहे. ती पाच टक्क्यांची, जवळपास तीन महिने थंडीत मुरवलेली, साझच्याच अख्ख्या फुलांची. आणि तरी तिचा कडूपणा युरक्वेलच्या निम्म्याहून थोडाच जास्त आहे. युरोपीय संघाने २००८ साली ‘झेक बिअर’ या भौगोलिक नावाला संरक्षण दिलं. त्या नियमांत फिकट लागरसाठी कडूपणाची मर्यादा २० ते ४५ अशी प्रशस्त ठेवली आहे. म्हणजे स्वतःच्या बिअरविषयी अत्यंत जागरूक असलेल्या, दरडोई बिअर पिण्यात जगात पुढे असलेल्या देशानेही एक आकडा ठरवायचं टाळलं.

जर्मन पिल्स

जर्मनीत ही बिअर पोचली तेव्हा पाणी बदललं, यीस्ट बदललं आणि हॉप्सही बदलले. राडेबर्गर १८७२ पासूनची, बिटबुर्गरने पिल्स करायला सुरुवात केली ती १८८३ मध्ये. साझच्या जोडीला किंवा जागी हालरटाऊ, टेटनांग आणि श्पाल्टचे हॉप्स आले. यीस्ट साखर जवळपास संपवत असल्याने बिअर कोरडी झाली, रंग आणखी फिकट झाला. पाण्यात सल्फेट असेल तिथे कडूपणाला धार चढली. बोहेमियात कडूपणा माल्टमध्ये गुंडाळून येतो. उत्तर जर्मनीत तो उघडा येतो.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फ्रिसियन किनारपट्टीतली येवर. कडूपणा हीच तिची ओळख. जाहिरातीतही तो लपवला जात नाही, मिरवला जातो. जिला पिल्सनरची कोरडी बाजू आवडते त्या व्यक्तीच्या यादीत येवर हमखास असते. दक्षिणेकडे येताना स्वभाव मवाळ होतो. ब्लॅक फॉरेस्टमधल्या रोटहाउस या सरकारी मालकीच्या ब्रुअरीची टानेनत्सेप्फले पिल्स अनेकांची लाडकी आहे, ती तिच्या गोलाईमुळे. पण इथेही अपवाद आहेत: ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या श्योनराम या लहानशा बव्हेरियन गावात एरिक टॉफ्ट हा मूळचा अमेरिकन ब्रूमास्टर अशी पिल्स करतो की हॉप्सच्या बाबतीत ती उत्तरेकडच्या पिल्सशीही बरोबरी करते. बांबेर्गची केझमान आणि साल्झबुर्गजवळची ट्रुमर ही नावंही जाणकारांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतात.

हळूहळू झालेली घट

आता या आढाव्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. पश्चिम जर्मनीत १९७० च्या दशकात पिल्सने डॉर्टमुंडच्या एक्स्पोर्ट बिअरला मागे टाकलं आणि ती देशाची रोजची बिअर झाली. जवळपास त्याच काळापासून जर्मन पिल्सचा सरासरी कडूपणा खाली येऊ लागला. एखाद्या वर्षी मोठी कपात झाली असं घडलं नाही. आज एक आयबीयू कमी, काही वर्षांनी आणखी एक. इतका लहान फरक पिणाऱ्याला कळत नाही. पण दोन-तीन दशकांनंतरची बिअर आधीच्या बिअरशेजारी ठेवता आली असती तर तो सहज कळला असता.

यामागची कारणं सांगताना ब्रुअरींचं म्हणणं नीट ऐकायला हवं. पिल्स सगळ्यांची बिअर झाली की कडूपणाला नाक मुरडणारेही तिचे ग्राहक होतात. चव सौम्य केली तर गिऱ्हाईक वाढतं आणि जुनं गिऱ्हाईक लगेच तुटत नाही. दुसरा मुद्दा तांत्रिक आहे: माल्ट सुधारला, ऑक्सिजनवर नियंत्रण आलं, यीस्ट निरोगी राहू लागलं. जुन्या बिअरमधले काही रांगडे दोष हॉप्सच्या कडूपणाने झाकले जात. दोष गेल्यावर तितक्या हॉप्सची गरज उरली नाही, असं ब्रूमास्टर म्हणू शकतात आणि त्यात तथ्य आहे.

टीकाकारांचं म्हणणं वेगळं. कडूपणा २५ च्याही खाली गेला की पिल्स आणि हेलेस यांच्यातली रेघ पुसट होते. जर्मनीत अलीकडच्या वर्षांत हेलेसचा खप वाढतो आहे आणि पिल्सचा ओसरतो आहे. पिल्सने स्वतःचं वैशिष्ट्य सोडत नेलं, मग मऊ बिअर हवी असणाऱ्याने सरळ हेलेस घेतली तर नवल नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तरी मला तो पटण्याजोगा वाटतो.

या घसरणीचं प्रतिबिंब नियमावल्यांतही दिसतं. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम ही संस्था स्पर्धांच्या परीक्षकांसाठी प्रकारांची वर्णनं प्रसिद्ध करते. तिच्या २००८ च्या आवृत्तीत जर्मन पिल्सनरसाठी २५ ते ४५ आणि बोहेमियन पिल्सनरसाठी ३५ ते ४५ आयबीयू होते. २०१५ च्या आवृत्तीत जर्मन पिल्स २२ ते ४० झाली आणि झेक प्रीमियम लागर ३० ते ४५. नियमावलीने वास्तवाची नोंद घेतली असं एक पक्ष म्हणतो. बाजार जसा घसरला तसं मापही घसरवलं, मग मापाचा उपयोग काय, असं दुसरा विचारतो. माझ्या मते वर्णनात्मक नियमावलीने बाजारामागे जाणं गैर नाही. मात्र अशा आकड्यांना ‘परंपरा’ म्हणून पुढे करू नये.

परंपरा तरी नेमकी किती कडू होती? आयबीयू हे मोजमापच विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचं. ग्रोलची बिअर कुणी मोजलेली नाही. युरक्वेलच्या ब्रुअरीने १९९० च्या दशकात लाकडी पिंपांऐवजी पोलादी टाक्या आणल्या आणि चव बदलू नये म्हणून काही बिअर आजही जुन्या पद्धतीने ओकच्या पिंपांत करून ती नवीशी ताडून पाहिली जाते. प्रक्रियेतला बदल पकडण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे. पण दोन्हीकडचा काढा एकच असल्यामुळे हॉप्सचं प्रमाण कालांतराने बदललं का, या प्रश्नाला त्याने उत्तर मिळत नाही.

टाकीत घातलेले हॉप्स

१९९६ मध्ये इटलीत, कोमोजवळच्या लुरागो मारिनोने गावात, अगोस्तिनो आरिओलीने बिरिफिचिओ इतालियानो ही ब्रुअरी सुरू केली आणि टिपोपिल्स काढली. माल्ट आणि यीस्ट पिल्सनरचं, हॉप्सही सभ्य जर्मन जातींचे; पण आरिओलीने इंग्लिश पिंपातल्या एलची युक्ती उचलली आणि लागरच्या टाकीत हॉप्स घातले. कडूपणा बेताचाच राहिला, सुगंध मात्र भरून आला: ताजं कापलेलं गवत, पांढरी फुलं, लिंबाची साल. कॅलिफोर्नियातल्या फायरस्टोन वॉकरच्या मॅट ब्रिनिल्डसनने तिच्यापासून स्फूर्ती घेऊन पिव्हो ही पिल्स केली. तिला ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षं सुवर्णपदक मिळालं, आणि तेही जर्मन पिल्सनरच्या गटात.

या पदकांनी वादाला तोंड फुटणं स्वाभाविक होतं. एका बाजूचं म्हणणं असं की पिल्सनरचा हॉप्सशी संबंध उकळीतून येतो. टाकीतून आलेला सुगंध आकर्षक असला तरी तो वेगळ्या घराण्याचा आहे. शिवाय तो लवकर उडतो, त्यामुळे बिअर पहिल्या काही आठवड्यांत फुललेली आणि नंतर रिकामी वाटते. दुसरी बाजू विचारते की हॉप्स जर त्याच मातीतले, त्याच कुळातले असतील आणि बिअर कोरडी, स्वच्छ, पुन्हा घोट घ्यावासा वाटणारी असेल, तर हॉप्स कोणत्या टप्प्यावर घातले याला इतकं महत्त्व का?

न्यूझीलंडने हा प्रश्न अजून पुढे नेला. डनिडिनच्या एमर्सन्सने स्थानिक हॉप्स वापरून पिल्सनर केली आणि तिच्यातून एक वेगळी शाखाच निघाली. तिथल्या रिवाका आणि मोटुएका या जातींच्या पूर्वजांत साझ आहे, पण दक्षिण गोलार्धातल्या त्या मातीत लिंबू, पॅशनफ्रूट, ग्रेपफ्रूट असे वास उमलतात. परीक्षकांच्या नियमावलीने तिला स्वतंत्र स्थानिक प्रकार म्हणून जागा दिली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या व्हिक्टरी ब्रुअरीची प्रायमा पिल्स आहे. जर्मन धाटणीची, अख्ख्या फुलांनी केलेली ही बिअर १९९० च्या दशकापासून कडू पिल्सची चाहती मंडळी तयार करत आली आहे.

मला टिपोपिल्सच्या घराण्याला पिल्सनर म्हणायला अडचण वाटत नाही. आंब्या-अननसाचा वास येणाऱ्या, फळांच्या हॉप्सनी लादलेल्या लागरला ते नाव देताना मात्र मी थांबेन. सुगंधाने माल्ट आणि कडूपणा दोघांनाही झाकून टाकलं की पिल्सनरची रचना उरत नाही.

आकडा काय सांगत नाही

आयबीयूवर फार विसंबू नये, याची तीन-चार कारणं आहेत. मोजताना बिअरमधले कडू घटक द्रावकात उतरवून अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते पाहतात. त्या मापात कडू आम्लांखेरीज इतर पदार्थही येतात. ड्राय हॉपिंग केलेल्या बिअरमध्ये ह्युम्युलिनोन नावाची संयुगं उतरतात. ती आयसो-अल्फा आम्लांपेक्षा, म्हणजे उकळीत रचना बदललेल्या अल्फा आम्लांपेक्षा, कमी कडू असली तरी आकडा वाढवतात. म्हणून युरक्वेलचे ४० आणि पिव्होचे ४० जिभेवर सारखे लागत नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजूबाजूची चव. रे डॅनियल्स याने १९९६ च्या आपल्या पुस्तकात कडूपणा आणि मूळ काढ्यातली साखर यांचं गुणोत्तर पाहायची सवय घरगुती ब्रूअर मंडळींना लावली. ते एकट्या आयबीयूपेक्षा बरं आहे. तरी त्यातही उरलेली साखर, पाण्यातलं सल्फेट, वायूचं प्रमाण आणि पेल्यातलं तापमान येत नाही. अति थंड बिअर कमी सुगंधी लागते.

आणि शेवटी ताजेपणा. उष्णतेत आणि काळाबरोबर हॉप्सचा सुगंध आधी जातो, मग कडूपणाही बोथट होतो. हिरव्या बाटलीतून प्रकाश आत गेला तर हॉप्सचेच घटक तुटून उग्र, कुबट वास येतो. अनेकजण युरोपीय पिल्सनरची ओळख म्हणून हाच वास लक्षात ठेवतात, ही खेदाची गोष्ट आहे. युरक्वेलने अमेरिकेच्या बाजारासाठी हिरवी बाटली सोडून तपकिरी बाटली स्वीकारली ती या कारणाने.

गोवा, पुणे आणि आपली बाजारपेठ

आपल्याकडे ‘पिल्सनर’ हा शब्द सर्वांत जास्त जिव्हाळ्याने घेतला गेला तो गोव्यात. किंग्स ब्लॅक लेबलच्या बुटक्या बाटलीवर प्रीमियम पिल्सनर असं छापलेलं असे. ती मध्ये दिसेनाशी झाली तेव्हा हळहळणारे अनेक होते आणि परतल्यावर आनंदही झाला. चवीने ती हलकी, गोडसर, दुपारच्या उन्हात माशांच्या ताटाबरोबर सहज जाणारी. प्लझेनच्या मापाने तिच्यात हॉप्स फारच कमी. पण तिच्या चाहत्यांनी तिच्याकडे कधी कडूपणा मागितलाच नव्हता, आणि त्यांच्या प्रेमाला या मापाने छोटं ठरवू नये.

देशाच्या बाजारात खप मुख्यतः स्ट्राँग बिअरचा. तांदळाची कणी किंवा साखर वापरून केलेल्या, जास्त मद्यार्काच्या या बिअरमध्ये हॉप्स पार्श्वभूमीलाच असतात. उत्पादन शुल्क आणि बाटलीची किंमत पाहून गिऱ्हाईक ‘पैशाला किती चढते’ असा हिशेब करतं, तोवर कडूपणाचा प्रश्न उभाच राहत नाही. हॉप्स बहुतांशी आयात करावे लागतात. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात लागवड होते, पण ती मर्यादित आहे.

२००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा जागा वाढल्या आणि ताज्या बिअरची चव लोकांना कळली. तरी तिथल्या फळ्यावर गव्हाची बिअर, विट, स्टाउट, आयपीए नेहमी दिसतात आणि चांगली पिल्सनर अधूनमधून. कारण सरळ आहे. गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत विकायला तयार होते. पिल्सनरला टाकीत पाच ते आठ आठवडे थंड मुरावं लागतं. भाडं महाग, टाक्या मोजक्या, वीज लागते; तेवढ्या काळात तीच टाकी दुसऱ्या बिअरने दोनदा भरून निघते. शिवाय पिल्सनरमध्ये चूक लपत नाही. जी ब्रुअरी तरी ती करते, तिच्याकडे मी आदराने पाहतो. मुंबई-पुण्याच्या हवेत कोरडी, पस्तिशीच्या कडूपणाची ताजी पिल्स मिळू लागली तर तिला गिऱ्हाईक मिळेल, असं मला मनापासून वाटतं. भेंडी-कांद्याची भजी, बोंबील फ्राय, तिखट सुकं अशा खाण्यात तेल आणि मसाला कापणारी बिअर उपयोगी पडते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न किमान रेषेचा. किती कडूपणाखाली पिल्सनर हे नाव सोडावं? झेक नियम २० म्हणतात, परीक्षकांची जर्मन पिल्सची व्याख्या २२ पासून सुरू होते. माझा स्वतःचा कल तिशीकडे आहे, विशेषतः कोरड्या बिअरच्या बाबतीत. पण बुडवारसारखी बिअर समोर ठेवली की हा आग्रह मला थोडा ढिला करावा लागतो, कारण तिच्यात हॉप्स कमी असूनही त्यांची उपस्थिती शेवटच्या घोटापर्यंत जाणवते.

दुसरा प्रश्न ड्राय हॉपिंगच्या वर्गवारीचा. न्यूझीलंडच्या शाखेला वेगळी जागा मिळाली. इटालियन धाटणीच्या पिल्सला सगळीकडे तशीच वेगळी चौकट द्यावी की जर्मन पिल्सच्याच गटात ठेवावं, यावर स्पर्धा, ब्रुअरी आणि पिणारे यांच्यात एकमत नाही. गट वेगळा केला तर दोन्हीकडच्या बिअरची न्याय्य तुलना होते. एकत्र ठेवला तर सुगंधी बिअर शांत बिअरवर मात करते, हे पदकांनी दाखवून दिलं आहे.

तिसरा प्रश्न शेतातून येतो आणि तो बाकीच्यांहून गंभीर आहे. झाटेत्सचा हॉप्सचा प्रदेश २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्याच वर्षी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने युरोपातल्या पारंपरिक सुगंधी हॉप्सविषयी इशारा दिला: उष्णता आणि अवर्षण असंच वाढत गेलं तर २०५० पर्यंत उत्पादन ४ ते १८ टक्क्यांनी आणि अल्फा आम्लांचं प्रमाण २० ते ३१ टक्क्यांनी घटू शकतं. साझमध्ये आधीच अल्फा कमी. ते आणखी घटलं तर तितक्याच कडूपणासाठी फुलं जास्त लागतील, आणि फुलं तर कमी पिकणार. मग ब्रुअरींपुढे मार्ग उरतात ते असे: कडूपणासाठी दुसरी, जास्त अल्फाची जात वापरून साझ फक्त सुगंधासाठी ठेवायचा, साझच्या कुळातल्या नव्या, कणखर जाती स्वीकारायच्या, वेली उंच, थंड किंवा जास्त ओलाव्याच्या जागी न्यायच्या, सिंचन वाढवायचं, किंवा कडूपणाच थोडा खाली आणायचा. शेवटचा मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि दर वर्षी एक आयबीयू कमी झाला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. जर्मनीत हे एकदा घडून गेलं आहे.